फोनचं अपडेट आणि खोक्यावर न छापलेली तारीख

"सिस्टीम अपडेट उपलब्ध आहे." ही ओळ गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर येऊन गेली असेल, आणि बहुतेकांनी "नंतर" दाबून ती बाजूला सारली असेल. नवीन अँड्रॉइड किंवा नवीन आयओएस आलं की मराठी यूट्यूबवर पंधरा-पंधरा मिनिटांचे व्हिडिओ येतात. आयफोनची बटणं आता काचेसारखी दिसतात, नोटिफिकेशनचे आकार बदलले, घड्याळाचे फॉन्ट बदलले वगैरे. दिसायला छान आहे सगळं, पण मला त्यात फारसा रस नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी मात्र सरळ आपल्या पैशाशी आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी जोडलेल्या आहेत. त्या कुणी नीट सांगत नाहीये, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

पहिली गोष्ट. लग्नपत्रिका, आरटीओ चलन किंवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइली आता सगळ्यांना माहीत झाल्यात. फाइल उघडली की एक अ‍ॅप बसतं आणि ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. त्याहून वाईट म्हणजे ते "अ‍ॅक्सेसिबिलिटी"ची परवानगी मागतं. ही सोय मुळात दृष्टिहीन लोकांसाठी आहे. स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवायचं, त्यांच्या वतीने बटण दाबायचं, हे तिचं काम. ठगाच्या अ‍ॅपला ती मिळाली की तेही तुमची स्क्रीन वाचतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबतं. मग ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही.

यात समोरचा माणूस फोन ठेवू देत नाही, हे लक्षात घ्या. "साहेब, लाइनवरच राहा, मी सांगतो तसं करा." डिजिटल अरेस्टवाले तर तासन् तास कॉल चालू ठेवतात. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये यावर बोलावं लागलं, म्हणजे प्रकरण कुठवर गेलं होतं ते बघा. 2025 च्या जूनमध्ये आलेल्या अँड्रॉइड 16 मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलंय. तुम्ही सेव्ह नसलेल्या नंबरशी बोलत असाल, तर तेवढ्या वेळात बाहेरून आलेलं नवं अ‍ॅप बसवणं आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी देणं फोनच अडवतो. त्याआधीच्या अँड्रॉइड 15 मध्ये आणखी एक सोय आली. स्क्रीन शेअर चालू असताना ओटीपीचं नोटिफिकेशन समोरच्याला दिसतच नाही.

मला हे फार आवडलं. आपल्याकडे फसलेल्या माणसालाच बोल लावायची सवय आहे. "एवढं शिकलेला आणि असा कसा फसला?" अहो, घाबरलेला माणूस विचार करत नाही. त्याला प्रबोधनाचं पोस्टर त्या क्षणी आठवत नाही. त्या क्षणी फोनने "आत्ता नाही" म्हणणं हेच कामाचं.

दुसरी गोष्ट मुंबईकरांसाठी. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर काठी मारून फोन पाडणारी फटका गँग माहीत नाही असा प्रवासी नसेल. अनलॉक केलेला फोन चोराच्या हातात गेला की तो फक्त वीस हजारांचा फोन राहत नाही, त्यात यूपीआय असतं. फोन हातातून हिसकावून कुणी पळालं किंवा गाडीवरून निघालं, तर ती हालचाल ओळखून स्क्रीन आपोआप लॉक करणारी सोय गुगलने 2024 मध्ये आणली. तिची पहिली चाचणी ब्राझीलमध्ये झाली, तिथेही रस्त्यावर फोन हिसकावण्याचा सुळसुळाट आहेच. ही सोय अँड्रॉइड 10 पासूनच्या फोनवर चालते, म्हणजे जुन्या फोनवालेही यात आहेत. पण आपल्याकडे ती बहुधा बंद असते, आपणच सुरू करायची. सेटिंग्जमध्ये जाऊन "थेफ्ट" शोधा, सापडेल. फोन गेलाच तर संचार साथीच्या पोर्टलवरून आयएमईआय ब्लॉक करता येतो. आणि पैशाची फसवणूक झाली तर पहिला फोन 1930 ला, नातेवाइकांना नंतर.

हे झालं कौतुक. आता जे खुपतंय ते.

दुसरी सोय जुन्या फोनवर आली, कारण ती गुगलला आपल्या प्ले सर्व्हिसेसमधून थेट पाठवता येते. पहिली तशी येत नाही, तिला पूर्ण सिस्टीमच नवी लागते. ती कशी येते? गुगल अँड्रॉइड तयार करतं, मग चिप बनवणारी कंपनी आपला भाग जुळवते, मग फोन बनवणारी कंपनी आपले रंग आणि आपली जाहिरातीची अ‍ॅप्स चढवून, तपासून प्रत्येक मॉडेलला वेगळं पाठवते. महाग फोनच्या बाबतीत ही साखळी नीट चालते. पिक्सेल 8 आणि सॅमसंगच्या एस 24 पासून सात-सात वर्षांची हमी आहे. आठ-दहा हजारांच्या फोनचं काय? त्यातल्या कितीतरी मॉडेलना जेमतेम एक नवी आवृत्ती मिळते, काहींना तीही नाही. फोन हार्डवेअरने ठणठणीत, बॅटरीही बरी, पण कंपनीच्या लेखी तो संपलेला.

आणि डिजिटल अरेस्टचा कॉल कुणाला येतो? मुलाने नवीन फोन घेतला की त्याचा जुना फोन ज्यांच्याकडे येतो, त्या वडिलांना. म्हणजे सुरक्षेची ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याच हातात सगळ्यात जुना फोन, आणि ज्याला गरज कमी त्याच्या हातात सात वर्षांची हमी.

"मग नवा घ्या की," असं म्हणणारे इथेही येतील. जरूर घ्यावा, ज्याला परवडतो त्याने. पण फोन आता हौसेची वस्तू राहिलाय का? शेतात पेरलंय काय हे सांगायला ई-पीक पाहणीचं अ‍ॅप. लाडक्या बहिणींना ई-केवायसीला ओटीपी. गॅस, पेन्शन, रेशन, सगळीकडे ओटीपी. सरकारने दार एकच ठेवलंय आणि ते फोनमध्ये आहे. शिवाय त्या प्रत्येक फोनवर 18 टक्के जीएसटी घेतलाय. तर मग त्या दाराची कडी किती वर्षं टिकेल, हे विचारायला नको?

सरकारची स्वतःची खरेदीही काही वेगळी नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतंय? दोन जीबी रॅमचे फोन, ते अ‍ॅपच्या ओझ्याने हँग व्हायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी. तेव्हा त्यांची काही लोकांनी टिंगल केली होती. माझ्या मते त्या बायांनी त्या वर्षातला सगळ्यात नेमका तांत्रिक मुद्दा मांडला होता: वस्तू देताना ती किती वर्षं चालणार, हे कुणी बघितलंच नव्हतं.

बाहेर काय चाललंय? ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून कंपनीला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करावंच लागतं. युरोपियन युनियनने 20 जून 2025 पासून पुढची पायरी गाठली. तिथे मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायची आहेत. म्हणजे हे अशक्य नाही. सॅमसंगने अठरा-एकोणीस हजारांच्या ए 16 ला सहा वर्षांचं वचन भारतातही दिलंच की. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल दिलाय आणि त्यात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे. सुरुवात म्हणून ठीक. पण निर्देशांकात मिसळलेला एक आकडा दुकानात उभ्या माणसाला कळत नाही, तारीख कळते.

बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. फ्रिजवर तारे असतात. फोनच्या खोक्यावर कमाल किंमत असते, निर्मितीचा महिना असतो, तक्रारीचा नंबर असतो. "सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत", ही एक ओळ मराठीत छापायला किती शाई लागते? पाच वर्षांची सक्ती केली तर स्वस्त फोन महाग होतील, हा कंपन्यांचा मुद्दा मी पूर्ण खोटा म्हणणार नाही. अभियंत्यांचा पगार कुणीतरी देणारच. म्हणून निदान पहिली मागणी फक्त छापण्याची. आठ हजारांच्या फोनवर "दीड वर्ष" छापलं असेल आणि साडेनऊच्यावर "चार वर्षं", तर आमच्या बाजारपेठेतला शेतकरीसुद्धा तिथल्या तिथे हिशोब करेल.

अपडेटने फोन मंद होतो ही भीतीही उगाच नाही, बरं का. बॅटरी जुनी झाली की आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे अ‍ॅपलने 2017 मध्ये कबूल केलं होतं. पण सुरक्षेचं छोटं मासिक अपडेट आणि पूर्ण नवी आवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं तरी टाळू नका. जागा नसेल तर गुड मॉर्निंगची चित्रं उडवा.

आता एक काम करा. सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन"मधून अँड्रॉइड आवृत्तीवर जा, तिथे "सुरक्षा अपडेट"ची तारीख दिसेल. स्वतःच्या फोनची बघा आणि आई-वडिलांच्याही. फोनचं मॉडेल, विकत घेतलेलं वर्ष आणि ती तारीख, एवढंच खाली कमेंटमध्ये टाका (नंबर वगैरे काही नको). आपल्या तालुक्यातले शंभरेक फोन जमले तरी मी तक्ता करून खासदारांच्या कार्यालयात आणि ग्राहक व्यवहार खात्याला पाठवतो, पोचपावती इथेच टाकेन.