दोष यंत्राचा नव्हे, कारागिराचा

आमच्या देवस्थानच्या महाजनांची यादी संगणकावर चढली आणि 'काळे' हे 'कावळे' यांच्या आधी जाऊन बसले! शोधू गेलो तर 'कऱ्हाडे' सापडेनात. विचारणा करता आज्ञावली लिहिणारे गृहस्थ उत्तरले, "यंत्राला मराठी कळत नाही." हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही.

१९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. त्या कोष्टकात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी, 'व'च्या आधी आहे. आमच्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. कोष्टकातील क्रमांक म्हणजे वर्णक्रम नव्हे. भाषेनुसार क्रम लावणारे 'कोलेटर' आजच्या ब्राउझरांत तयार आहे, डेस्कटॉपसाठी 'आयसीयू' आहे. भाषा मराठी आहे, एवढेच त्यांस सांगावे लागते.

'ऱ' एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांस दोन्ही सारखे, यंत्रास भिन्न! साठविण्यापूर्वी व शोधण्यापूर्वी दोहोंचे एकच रूप करणे, म्हणजेच 'नॉर्मलायझेशन', हे एका ओळीचे काम. 'श्री' हे अक्षर चार संकेतांचे. संकेत मोजून नाव तोडले की 'श्री'चा नुसता 'श' उरतो.

यांत गूढ ते काय? इंग्रजी नावांचा क्रम असा बिघडला असता तर ह्याच गृहस्थांनी तो खपवून घेतला असता काय? मराठी असो वा कोंकणी, आमची नावे ही उपकाराने मिळावयाची वस्तू नव्हे. देवस्थानांच्या समित्यांनी पैसे मोजण्यापूर्वी काळे, कावळे आणि कऱ्हाडे ही तीन नावे स्वतः टंकून पाहावीत. परीक्षा तेवढ्याने होते.