पायाखालचा श्वास
पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात संगीत नाटक लागलं की माझी नजर आधी वादकांच्या कोपऱ्यात जाते: खरा ऑर्गन आहे, की त्याचा आवाज काढणारा कीबोर्ड? कीबोर्डवाल्याला दोष देत नाही. ते लाकडी धूड टेम्पोत चढवायचं तर माणसं लागतात, आणि नाटकाचं बजेट आपल्याला ठाऊक आहेच. पण जपायचं मनावर घेतलं तर जुनं वाद्य जपता येतं: इंग्लंड-अमेरिकेत सिनेमागृहांतले जुने वुर्लिट्झर ऑर्गन हौशी स्वयंसेवकांनी जगवले, त्यांवर जाहीर मैफली केल्या. ते नळ्यांचे. आपला त्यामानाने गरीब, पितळी पात्यांचा, पायांनी चालणारा. पेटीत हवा पात्यांमधून बाहेर ढकलली जाते, ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. सूर कसा मऊ, गोल येतो! १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन असा थाट जमला. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी पेटीइतकाच ऑर्गनही गाता केला. असं वाद्य सांभाळणं मात्र चिवटपणाचं काम. भात्याचं कापड तडकतं, आतली लोकर कसर खाते, आणि आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगलं की पट्ट्या दाबल्या जागी अडकून बसतात. पाती टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. हात जरा जड पडला की पाती गेली. एवढं करून वाद्य चादरीखाली झाकून ठेवलं, तर पुन्हा बिघडतं. रोज कुणीतरी बसून पाय मारायला हवेत.