रुग्णालयातल्या स्क्रीनचीही चाचणी व्हावी



आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. तेव्हापासून त्याची चर्चा होते ती किती 'आभा' (डिजिटल आरोग्य खाते) क्रमांक निघाले याचीच. वॉर्डात काम करणाऱ्या माझ्यासारख्या परिचारिकेला वेगळाच प्रश्न पडतो : रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर चूक होणे किती सोपे आहे, हे कोण तपासते?

एक उदाहरण पाहा. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात १६ वर्षांच्या मुलाला सेप्ट्राची (आपल्याकडे मिळते ती सेप्ट्रान) एक गोळी द्यायची होती. दिल्या गेल्या साडेअडतीस. डॉक्टरने १६० मिलिग्रॅम म्हणून आकडा भरला, पण त्या रकान्यात एकक होते 'दर किलोला मिलिग्रॅम'. चाळीस किलोखालच्या मुलांसाठी तसा नियमच होता, तोही सुरक्षिततेसाठी. मुलाचे वजन ३८.६ किलो, संगणकाने गुणाकार केला. धोक्याची सूचना आली, पण निरर्थक सूचना दिवसभर इतक्या येत, की डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनीही ती बंद केली. औषधे काढून देणाऱ्या रोबोने गोळ्या काढल्या. परिचारिकेला संख्या खटकली म्हणून तिने बारकोड तपासला, तर स्क्रीनने साडेअडतीस बरोबर ठरवल्या. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला.

अशा वेळी शेवटच्या हातावर, म्हणजे सिस्टरवर, ठपका ठेवणे सोपे असते. माझ्या मते मूळ दोष त्या स्क्रीनच्या रचनेचा होता.

पूर्वीच्या कागदी नोंदी सुरक्षित होत्या असे नाही. न लागणारे अक्षर आम्ही पुष्कळ सोसले आहे. पण नर्सिंग स्टेशनवर एकच संगणक असला, की नोंदी आधी कागदावर होतात आणि ड्यूटी संपताना घाईघाईने भरल्या जातात. इंजेक्शनची खरी वेळ हरवते, आणि पुढच्या पाळीतला डॉक्टर त्याच चुकीच्या वेळेवरून पुढचा डोस ठरवतो.

औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, उपकरणांसाठी २०१५ पासून. सॉफ्टवेअरमुळे झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या चुका कळवण्यासाठीही अशी स्वतंत्र व्यवस्था हवी, आणि कळवणाऱ्यावर कारवाई होता कामा नये. शिवाय खरेदीपूर्वी प्रत्येक प्रणालीची चाचणी गजबजलेल्या वॉर्डात, रात्रपाळीत, सिस्टर आणि फार्मासिस्ट यांच्याकडून करून घ्यावी. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढच्या निविदेत ही अट घालावी, ही विनंती.

– एक परिचारिका, सातारा