फाईलचा धनी दारात

ऑफिसचा लॅपटॉप घरी आणून उघडला की ‘झेड’ ड्राइव्हवर लाल फुली दिसते. सकाळी ऑफिसात हाच ड्राइव्ह मुकाट उघडत होता, विभागाची दहा वर्षांची कागदपत्रे दाखवत होता. घरच्या वायफायवर मात्र तो ओळख द्यायला तयार नसतो. मग ऑफिसात अजून बसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फोन जातो, “तेवढी एक्सेल व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना.” तो टाकतो. सर्व्हरच्या बाहेर पाऊल टाकायची बंदी असलेली फाईल दोन मोबाइलांत, एका जीमेलमध्ये आणि भाच्याच्या पेनड्राइव्हवर मुक्काम करून धन्याच्या हाती लागते. सर्व्हरवरची मूळ प्रत अर्थातच अत्यंत सुरक्षित राहते.

हे तंत्र नवेकोरे असते, तर समजूत घालता आली असती. दूरच्या यंत्रावरची फाईल आपल्या यंत्रावर आणायची पद्धत, म्हणजे एफटीपी, पहिल्यांदा लिहून काढली ती अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या कागदावर एप्रिल १९७१ ही तारीख आहे. जाळ्यावर माणसे मोजकी आणि एकमेकांच्या ओळखीची, त्यामुळे पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी टपून बसून असे उघडे पासवर्ड गोळा केले. तिथलेच संशोधक तातू य्लोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी एसएसएच, म्हणजे पासवर्डसह सगळे सांकेतिक करून पाठवणारी पद्धत, लिहिली आणि फुकट वाटली. एफटीपीचा दरवाजा (पोर्ट) २१ क्रमांकाचा, दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी रीतसर मागून घेतला. बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायची सुरक्षित वाट, म्हणजे व्हीपीएन, तीही त्याच दशकातली. थोडक्यात, सुरक्षित दरवाजाचे काम गेल्या शतकातच उरकले. किल्ली कोणाला द्यायची, हे मात्र आपल्याकडे अजून विचाराधीन आहे.

या विचाराचा एक नमुना दिल्लीत पाहायला मिळाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा केंद्र सरकारची ई-ऑफिस प्रणाली तयार होती आणि घरून तिथपर्यंत पोहोचायला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे (एनआयसी) व्हीपीएनही होते. मे महिन्यात प्रशासकीय सुधारणा विभागाने घरून काम करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. त्यातून कळले की व्हीपीएनची सोय उपसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांपुरती होती. ती कक्ष अधिकाऱ्यापर्यंत खाली न्यावी, असे मसुद्यात सुचवले होते. सचिवालयाचे काम माहीत असलेल्याला यातली गंमत सांगावी लागणार नाही. टिपणी खाली तयार होते, मागचे संदर्भ खालीच जोडले जातात आणि मग फाईल वर चढते. सही करणाऱ्याकडे किल्ली आणि लिहिणारा घराबाहेर पडू शकत नाही, अशा अवस्थेत वरच्याने उघडायचे तरी काय?

दोन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, एनआयसीने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सवर सरकारी फाईल ठेवू नका. दुरून संगणक चालवू देणारे टीमव्ह्यूअर, एनीडेस्क नको. बाहेरचे व्हीपीएन नको. मोबाइलमधल्या कॅमस्कॅनरने अंतर्गत कागद स्कॅन करू नका. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलापाशी चिकटवू नका. यातली एकही सूचना चुकीची नाही. एनीडेस्कच्या आडून लोकांची खाती रिकामी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेही २०१९ मध्येच दिला होता. पण ही यादी उलटी वाचली, तर सरकारी नोकर आपले काम कसे पार पाडतो याचे इतके प्रामाणिक वर्णन दुसरीकडे सापडणार नाही. कोणी हौसेने फाईल ड्रॉपबॉक्सवर ठेवत नाही. सरळ वाटेने ती हाताशी येत नाही, म्हणून ठेवतो.

खासगी कंपन्यांनी फार हसू नये. तिथे ‘रिमोट डेस्कटॉप’ नावाची सोय असते: घरून लॉगिन करायचे आणि आपल्या टेबलावरचा संगणक चालवायचा. अट एवढीच की तो संगणक चालू असला पाहिजे. संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर पडताना वीजबचतीचे कर्तव्य म्हणून मेन स्विच खाली ओढतो आणि सोय तिथेच संपते. ओटीपी, टोकन, बोटाचा ठसा हे सगळे पार केलेल्या माणसाला एक खटका थांबवतो. तो वर करायला सकाळी साडेनऊशिवाय कोणी येत नाही.

सिस्टिमवाल्यांची बाजू नाही असे नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीत खंडणीखोर घुसले ते व्हीपीएनच्या एका जुन्या खात्यातून. खाते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते. पासवर्डशिवाय दुसरी कोणतीही तपासणी त्यावर नव्हती. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ निम्मे वाहून नेणारी ही वाहिनी काही दिवस बंद राहिली, पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. बरीचशी रक्कम पुढे एफबीआयने परत मिळवली, हा भाग वेगळा. हे ऐकलेला सिस्टिमवाला व्हीपीएनचा अर्ज पाहून कपाळाला आठ्या घालतो, तर त्याला दोष देता येत नाही. दोष द्यायचाच तर क्रमाला द्यावा. नव्याने रुजू झालेल्याचे लॉगिन सही-शिक्क्यांसाठी टेबलाटेबलावर फिरत असते आणि निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेऊन गेलेल्याचे लॉगिन निवांत जिवंत असते. कलोनियलमध्ये घुसखोरांना सापडले ते या दुसऱ्या जातीचे.

विद्यापीठांत हाच खेळ वेगळ्या नावाने चालतो. परदेशी प्रकाशकाचा सर्व्हर वाचकाला ओळखत नाही, कॅम्पसचा आयपी पत्ता ओळखतो. कोल्हापुरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचलेला शोधनिबंध संशोधक रात्री गारगोटीला घरी उघडायला गेला, की समोर डॉलरमधली किंमत येते. त्याच्या विद्यापीठाने वर्गणी भरलेली असते, हे त्या पानाला ठाऊक नसते. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. खर्च मोठा आहे आणि व्हायलाच हवा होता. घरून वाचायची वाटही तयार आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ ही सेवा नेमकी त्यासाठीच आहे. संस्थेने तिथे नोंदणी करायची, प्रत्येक विद्यार्थ्याचे आणि शिक्षकाचे खाते उघडायचे, की वाचक कुठेही असो, संस्थेच्या ओळखीवर निबंध उघडतो. खाती उघडण्याचे काम कॉलेजातल्या एका नेमलेल्या माणसाकडे असते. हा माणूस सहसा ग्रंथपाल असतो, किंवा ग्रंथपालाचे पद रिक्त असल्यास ज्याला संगणकातले थोडेफार कळते असा कोणी प्राध्यापक. नॅक मूल्यांकनाच्या फायलीही त्याच्याकडेच असतात आणि सध्या तो त्यात आहे.