बोनस नको, अधिकार द्या

मार्च संपत आला की कंपन्यांमध्ये एकच सूर लागतो : व्यवस्थापकांकडून काम हवे तर टार्गेट वाढवा आणि बोनस वाढवा. पैसा फेकला की माणूस पळतो, असा हा समज. तो मला साफ अमान्य आहे.

घराचा हप्ता, मुलांची फी व्यवस्थापकालाही चुकत नाही. तुटपुंज्या पगारावर त्याला राबवणे हा अन्यायच. पण चोख पगाराने फार तर गाऱ्हाणे मिटते, उमेद येत नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि लेखापालांना नोकरीतले बरेवाईट प्रसंग विचारले. १९५९ साली मांडलेला निष्कर्ष असा : नाराजीच्या मुळाशी धोरणे, देखरेख आणि पगार; समाधानाच्या मुळाशी यश, कदर आणि जबाबदारी. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो, अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्यक्ष कामाकडेच पाहू.

अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या टार्गेटपायी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेली. २०१६ साली ते चव्हाट्यावर आले. आकडा गाठला गेला, बँकेची पत गेली. याउलट कोकण रेल्वे. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर एकेक मुख्य अभियंता नेमला गेला. पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत माती पुन्हापुन्हा ढासळत होती. तिथे मुख्यालयाच्या सहीची वाट पाहून भागले नसते. १९९० मध्ये हाती घेतलेला मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला, तो सरकारी वेतनश्रेणीतल्या माणसांच्या हातून. अमुक टापू आपला, ही जबाबदारी त्यांच्याकडे होती.

आता एखाद्या बँकेचा शाखाधिकारी पाहा. चुकून लागलेला दोनशे रुपयांचा दंड माफ करायलाही त्याला वरच्या कार्यालयाला मेल करावा लागतो. समोरचा ग्राहक ताटकळतो, उत्तर परवा येते. अशा माणसाचा बोनस दुप्पट केला तरी तो शाखा आपली मानणार नाही.

तेव्हा यंदा बोनसचा आकडा ठरवण्याआधी, वरच्या सहीवाचून व्यवस्थापक काय काय ठरवू शकतो याची यादी करा आणि ती वाढवा. प्रामाणिक चुकीला शिक्षा नाही, हेही लेखी द्या.