गढूळ लघवी : तिसऱ्या दिवशी दवाखाना

लघवी गढूळ दिसू लागली की पहिल्या दिवशी पाणी वाढवा. दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, तर तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या प्रत्येक घराला एवढीच मुदत आहे.

थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला कळ, उलट्या, लघवीत रक्त, लघवी तुंबणं किंवा म्हाताऱ्या माणसाचं अचानक बरळणं, यांतली एक जरी गोष्ट जोडीला आली, तर ही मुदत त्याच क्षणी संपली. मध्यरात्र असली तरी निघा. गाडी नसेल तर १०८ लावा. जंतू मूत्रपिंडातून रक्तात गेले की काही तासांत माणूस हाताबाहेर जातो, आणि खड्याने वाट अडवून मागे पू साठला असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही.

गरोदर बाई, शुगरचा पेशंट, लहान मूल, लघवीची नळी बसवलेला माणूस यांना मुळात मुदतच नाही. त्यांची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. गरोदरपणात लघवीतला जंतुसंसर्ग काहीही त्रास न देता वाढू शकतो, मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि दिवस भरण्याआधीच बाळंतपण ओढवतो. ‘या दिवसांत असं व्हायचंच’ म्हणून सुनेला घरी बसवणारी सासू आणि ते ऐकून गप्प राहणारा नवरा, दोघांनीही लक्षात ठेवावं : पुढे जे होईल त्याची जबाबदारी तुमच्यावर आहे.

घाबरून जाण्यासारखं काय नाही, तेही सांगून टाकतो. ४२ अंशांच्या उन्हात राबणाऱ्याची लघवी गडद पिवळी, गढूळसर होते. दोन-तीन तांबे पाणी पोटात गेल्यावर संध्याकाळपर्यंत ती निवळली, तर आजार नाही. भरपेट जेवणानंतर फॉस्फेटचे क्षार उतरल्याने थोडा वेळ पांढुरकी होते, तेही निरुपद्रवी. बायकांच्या बाबतीत अंगावरून पांढरं जात असेल तर ते लघवीत मिसळून नमुना गढूळ दिसतो; तिथे तपासणी वेगळी लागते, पण लागतेच.

पाण्याचं मात्र कठोरपणे बोलावं लागेल. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. १२ तारखेला पोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पाणी जपून वापरणं मराठवाड्याच्या अंगवळणी पडलं आहे, आणि हात पिण्याच्या बाबतीतही आखडला जातो. रोज कमी पिणाऱ्याच्या मूत्रपिंडात क्षार साठून मुतखडे बनतात. बोअरच्या पाण्याला शिव्या देऊन ते थांबत नाहीत. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणं आणि ताटातलं मीठ कमी करणं, याला पर्याय नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तरच पाण्याचं माप डॉक्टरांना विचारून ठरवा.

‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक घेता, जरूर घ्या. पण लघवी गढूळ आहे, घाण वास येतो, जळजळ होते, घडीघडीला जावं लागतं आणि थेंबच पडतात, तेव्हा मूत्राशयात जंतू वाढलेले असतात. ते सब्जाने मरत नाहीत.

आणि हे जंतू वाढायला वाट कोण करून देतं? ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी गावोगावच्या मुली लातूरला आणि नांदेडला येऊन राहतात. क्लासचं स्वच्छतागृह घाण असतं, कडी लागत नाही, किंवा शंभर मुलींमागे एकच असतं. मग मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत आणि तासन्‌तास लघवी दाबून धरतात. ऊसतोडीच्या फडावर तर आडोसाच नसतो. तिथली बाई अंधार पडायची वाट बघते. क्लासचालकांनो, पुढची बॅच बसवायच्या आधी मुलींसाठी पुरेशी, पाणी असलेली, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं तयार ठेवा. मुकादमांनो, कारखान्यांनो, पुढच्या गळीत हंगामाची पहिली टोळी उतरण्याआधी फडावर आडोसा आणि पाणी हवं. पालकांनो, फीची पावती घेण्याआधी स्वच्छतागृह बघा, आणि ते नसेल तर पोरीला तिथे घालू नका.

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून ‘लघवीच्या गोळ्या द्या’ म्हणणं आजपासून बंद करा. सेफिक्झिम, लेवोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकं २०१३ साली काढलेल्या एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विकल्यावर डॉक्टरचं व रुग्णाचं नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळावी लागते. दुकानदारांना हे पाठ आहे. अर्धवट खाल्लेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात आणि पुढच्या खेपेला साधं औषध लागू पडत नाही. गोळी घेण्याआधी नमुना द्या : स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत नव्हे. खर्चाचं कारणही चालणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि ती खास आपल्या दोन जिल्ह्यांची आहे. लघवी गढूळ नव्हे, दुधासारखी पांढरी होत असेल, तुपातेलाचं जेवण झालं की जास्तच पांढरी होत असेल, भांड्यात थोडा वेळ ठेवल्यावर वर साय धरल्यासारखा थर येत असेल, कधी गुठळ्या पडत असतील, तर हत्तीरोगाची शंका घ्या. नांदेड आणि लातूर ही दोन्ही नावं राज्याच्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत आहेत. हत्तीरोग म्हटलं की लोकांना फक्त सुजलेला पाय आठवतो. पण तुंबलेल्या गटारांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासाने अंगात सोडलेला हा सुतासारखा जंत लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं जगतो, त्या फुगवतो, आणि कधी कधी त्या मूत्रमार्गात फुटतात. मग आतड्यातून शोषलेली चरबी आणि प्रथिनं रक्तात जाण्याऐवजी लघवीवाटे वाहून जातात. दुखत बहुधा काहीच नाही, म्हणून माणूस वर्षवर्ष काढतो. खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन उतरतं, हातापायांतला जीव जातो.

अशा रुग्णाने लघवीतल्या चरबीची तपासणी आणि सोनोग्राफी मागून घ्यायची. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्री दहानंतर घेतात; आरोग्य कर्मचारी अवेळी दारात आला तर त्याला हाकलू नका. तो नमुना निर्दोष आला तरी दुधाळ लघवीच्या रुग्णाने निर्धास्त होऊ नये, कारण रोग जुना झाल्यावर जंत रक्तात सापडतीलच असं नाही. औषधं आहेत, चरबी कमी केलेला आहार आहे, आणि त्याने न भागल्यास मूत्रमार्गातून औषध सोडून गळती बंद करता येते. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथे पोचा.

ज्या गावात सामुदायिक औषधोपचाराची मोहीम येते, तिथल्या लोकांना वेगळी ताकीद. देशाने हत्तीरोग संपवायला २०२७ सालाची मुदत घातली आहे, आणि आपण गोळ्या घेऊन ‘जेवल्यावर खातो’ म्हणत फळीवर टाकतो. जेवून बसा आणि कर्मचाऱ्यासमोर गिळा. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं सोडून कुणालाही सूट नाही. गोळीनंतर ताप किंवा चक्कर आली, तर बहुतेक वेळा अंगात जंत होते आणि ते मरत आहेत, असा त्याचा अर्थ आहे. त्रास वाढला तर आरोग्य केंद्रात या. पण शेजाऱ्याला घाबरवून त्याची गोळी चुकवू नका. त्याच्या रक्तातला जंत डासामार्फत तुमच्याच पोराला गाठणार आहे.

पांढरी लघवी बघून कित्येक तरुण डॉक्टरकडे जातच नाहीत. ‘धातू जातोय’ या भीतीने ते बसस्टँडच्या भिंतीवरचा फोन नंबर लावतात आणि लॉजच्या खोलीत बसलेल्या भोंदूला हजारो रुपये देतात. मुलांनो, त्या पांढुरकेपणात बहुतेक वेळा क्षार असतात, कधी पू असतो, क्वचित हत्तीरोग असतो. साध्या तपासणीत ते कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्याने पुरुषपण जात नाही.

भिंती रंगवणाऱ्यांना शेवटचं सांगणं. कामशक्ती वाढवण्याची, गुप्तरोगाची, मुतखड्याची हमखास औषधं म्हणून जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणाऱ्याला १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली कैद होते. आठ दिवसांत पाट्या उतरवा, भिंती पुसा. नवव्या दिवशी जी पाटी दिसेल, तिचा फोटो, पत्ता आणि फोन नंबर जोडून लेखी तक्रार करा, असं मी वाचकांना सांगतो आहे : एक प्रत अन्न व औषध प्रशासनाला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला, एक पोलीस ठाण्याला, आणि तिन्हींवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडायचं नाही.