यकृताची जुनी नोंद

'आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही; मग यकृताची चिंता कशाला?' पेण तालुक्यातील डोलवी असो वा मुंबई, हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वाचकहो, ही निश्चिंती फसवी आहे. मद्य हा यकृताचा मोठा शत्रू खराच; परंतु तो एकटा नाही.

अभिनेते अमिताभ बच्चन यांचे उदाहरण पाहा. 1982 मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात जखमी झाल्यावर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातूनच हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू शरीरात शिरला. सुमारे 18 वर्षांनी नेहमीच्या तपासणीत ते उघड झाले, तोवर 75 टक्के यकृत निकामी झाले होते, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. इतका काळ दुखले-खुपले काहीच नाही. यकृताचा स्वभावच असा मुका आहे.

आपल्या घरातील ज्येष्ठांनी काय काय सोसले आहे, हे म्हणूनच आठवून पाहावे. पूर्वी कधी रक्त चढवले होते का? रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस 'सी'ची तपासणी 2001 च्या सुमारास बंधनकारक झाली. त्याआधीच्या बाळंतपणात वा शस्त्रक्रियेत रक्त घेतलेल्यांनी 'बी' आणि 'सी' या दोन्हींची रक्तचाचणी एकदा अवश्य करावी. एकच सुई अनेकांना टोचली जाण्याचा, गोंदवून घेण्याचा तो काळ होता, हेही विसरू नये. आई, वडील वा भावंडांपैकी कोणाला यकृताचा विकार असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

दुसरी वाट मधुमेह आणि वाढत्या पोटाची. यकृतात साठलेली चरबी काहींच्या बाबतीत पुढे सूज, सिरॉसिस आणि क्वचित कर्करोगापर्यंत पोहोचते. तिसरी वाट कोठीतली: कोकणच्या दमट पावसाळ्यात शेंगदाण्यांना, धान्याला बुरशी धरते. काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते आणि ते शिजवूनही पुरते जात नाही. बुरसटलेले दाणे निवडून उरलेले वापरू नयेत; सगळेच टाकावेत.

चाचणीत दोष आढळला तरी खचू नये. हिपॅटायटिस 'सी' बहुतेकांचा काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो; 'बी' औषधांनी आटोक्यात राहतो. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाचणी व औषधे मोफत आहेत. डोलवीकरांनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. सिरॉसिस झालेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असतानाच सापडली तर उपचारांना वाव राहतो. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी साठणे, पाय सुजणे, अन्नावरची वासना जाणे, वजन घटणे या खुणा दिसल्यास थांबू नये. रक्ताची उलटी, काळी शौचास वा अचानक भ्रमिष्टपणा आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, हिपॅटायटिस 'बी' एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रुग्णाचे ताट वेगळे करू नका. वस्तरा आणि दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळा ठेवा. घरातील इतरांनी तपासणी करून, गरजेप्रमाणे लस घ्यावी.

आज संध्याकाळी आईच्या वा वडिलांच्या शेजारी बसा, जुन्या आजारपणाच्या आठवणी विचारा आणि त्या औषधांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यकृत स्वतःहून बोलत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलायचे आहे.